माझ्या स्वयंपाकघरात तूर होती!

अहो, ऐका! चहा नंतर घ्या, आधी ऐका! माझ्या स्वयंपाकघरात तूर होती! डब्यातली नाही हो, जमिनीतली! उभी, पिवळ्या फुलांची! आज जिथं माझी शेगडी आहे, तिथंच! आणि हे मला कुणी सांगितलं नाही. मी वाचलं! सातबाऱ्यावर!

थांबा, नीट सांगते. चाळिशी ओलांडल्यावर आम्ही पहिलं घर घेतलं. नागपूरजवळच्या कन्हानला. कामठीकडून पूल ओलांडला की आलंच आमचं गाव. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे तुळशीपुरतं अंगण. दूध उतू घातलं, नारळ फोडला, पाहुणे जेवून गेले आणि खोकी तशीच राहिली. दुपारी वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या, कोळसाखाणीत ब्लास्टिंग झालं की मांडणीवरची ताटं किणकिणतात, रात्री हावड्याच्या लाइनवरून मालगाडी जाते आणि मी डबे मोजत मोजत झोपते. माझी ताटं, माझी मांडणी, माझी भिंत! आठ दिवस झाले, अजून भिंतीला हात लावून बघते!

तर त्या रात्री मी कुकरची शिट्टी शोधत होते. एका खोक्यात हात घातला तर वकिलांनी दिलेली फाइल निघाली. कर्जासाठी बँकेला तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट लागला होता, त्याची फाइल. त्या वेळी जिथं दाखवलं तिथं सह्या केल्या होत्या, वाचलं काहीच नव्हतं. आता सहज उघडली. आणि मग पहिलं पान वाचलं, आणि मग दुसरं, आणि मग खोक्यावरच बसले, आणि मग रात्रीचा एक वाजला, आणि शिट्टी काही सापडली नाही!

मला यातलं कळत नाही, हे आधीच सांगते. मी काही वकील नाही, पटवारी नाही. मला तर वाटायचं सातबारा हा एकच शब्द आहे! तो दोन कागदांचा आहे! गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा! सात सांगतो जमीन कुणाची, बारा सांगतो त्यात पेरलं काय. असे एकूण २१ नमुने असतात म्हणे! गावाच्या जमिनीची अख्खी कहाणी २१ नमुन्यांत! आणि मी आजवर फक्त निवडणुकीच्या भाषणात ‘सातबारा कोरा’ ऐकलेलं!

वर लिहिलं होतं मौजा, मग प.ह.नं. हे प.ह.नं. काय असेल? नवऱ्याला उठवलं. तो म्हणाला, ‘झोप.’ सकाळी शेजारच्या काकांना विचारलं. खाणीतून निवृत्त झालेले, सगळं माहीत असलेले. ते म्हणाले, ‘पटवारी हलका नंबर, बाई! काय शोधून राहिल्या तुम्ही?’ पटवारी हलका, म्हणजे एका पटवाऱ्याकडची गावं! काय गोड शब्द आहे!

आता ते जुनं पान बघा. या, जवळ या. हाताने लिहिलेलं, शाई फिकट झालेली. क्षेत्र १ हेक्टर ६२ आर, म्हणजे साधारण चार एकर. खाली बारा नंबरच्या रकान्यात, एकेका वर्षापुढे, तूर. ज्वारी. तूर. एका वर्षी नुसतं ‘पड’, म्हणजे काही पेरलंच नाही. त्या वर्षी काय झालं असेल? पाऊस गेला असेल? घरात कुणी आजारी असेल? दोन अक्षरांचा शब्द, आणि मी त्यापाशी दहा मिनिटं बसले! आणि मग पुढच्या वर्षी पुन्हा तूर! मला इतका आनंद झाला, जणू माझंच शेत पिकलं!

आणि नावं! सात नंबरवर जुन्या मालकाचं नाव गेलं की ते खोडत नाहीत, त्याला कंस करतात. बाजूला गोलात एक आकडा. तो फेरफार क्रमांक. फेरफाराच्या नोंदवहीत तो आकडा काढला की नाव का बदललं ते कळतं: वारसानं, वाटणीनं की खरेदीनं. म्हणजे कुणी पुसलं जात नाही! सगळे तिथंच असतात, कंसात, एकाखाली एक!

आणि मग मला दिसली विहीर! पाण्याच्या साधनाच्या रकान्यात, विहीर १! आणि शेऱ्यात, आंबा २! मी कागद घेऊन तशीच अंगणात गेले. काका म्हणाले, ‘होती ना विहीर! तुमच्या गेटाच्या बाजूनंच. लेआउट पडलं तेव्हा बुजवली.’ आणि आंबा? काकांनी नुसतं बोट दाखवलं. रस्त्याच्या वळणावर, विजेच्या खांबापाशी, एक म्हातारं झाड. दोनातला एक अजून उभा आहे! त्याच्याच सावलीत मी रोज भाजीवाल्याची वाट बघते!

आता माझा सातबारा. त्याला बारा नाहीच! जमीन अकृषक झाली, पीक उरलं नाही, मग पिकाचा नमुना कशाला? तरी सगळे त्याला सातबाराच म्हणतात! क्षेत्र ९३ चौरस मीटर. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, म्हणजे माझ्याकडे एक आरसुद्धा नाही! पण तेवढ्या जागेसमोर नाव माझं आहे. एकटीचं. घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, म्हणून नवरा म्हणाला, ‘तुझ्याच नावावर घेऊ.’ खरेदीखत झालं, फेरफाराची नोंद धरली, हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघाली आणि मग मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद मंजूर केली. इतर हक्कांत बँकेचा बोजाही चढलाय. तोही माझाच!

आणि तिथं मी थांबले. माझ्या आईनं तीस वर्षं शेत निंदलं. सातबाऱ्यावर तिचं नाव कधी लागलं? बाबा गेल्यावर. वारस म्हणून. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची हाक दिली होती, नवऱ्यानं आपल्या हातानं जमीन बायकोच्या नावे करावी म्हणून. त्या हाकेला कितीतरी शेतकरी पुढे आले. पण आमच्या घरापर्यंत ती पोचली नव्हती. आईला फोन केला. म्हटलं, माझं नाव लागलं. ती म्हणाली, ‘वाचून दाखव.’ मी वाचलं. ती म्हणाली, ‘परत वाच.’

मी परत वाचलं.

आता तुमची पाळी! डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत निघतो. शहरातल्या काही घरांना सातबारा नसतो, मालमत्ता पत्रक असतं. मग ते काढा. पण काढा! आज रात्रीच! ओट्याखाली काय पिकत होतं ते शोधा, विहीर शोधा, आंबा शोधा. आणि तुमच्या घरातल्या बाईचं नाव त्यावर कुठं आहे, तेवढं नक्की बघा.