सहीच्या जागी शब्द

शनिवारची शाळा सकाळची असते. साडेसातला घंटा होते आणि शेवटचे तास लागेपर्यंत पोरांचं निम्मं लक्ष घरी पोचलेलं असतं. हे तास मी मागून घेतले आहेत. बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी सहावी ते आठवीला मराठी शिकवते. शनिवारी घरी निघालेलं लक्ष मला अडवायचं नसतं. त्याच्या हाती एक काम द्यायचं असतं.

ते काम एका शंभर पानी वहीत असतं. खाकी कव्हर, वर नाव, वर्ग. मी फळ्यावर एकच प्रश्न लिहिते. मुलं तो उतरवून घेतात, रविवारी घरात कुणालातरी विचारतात, ऐकलेलं आठ-दहा ओळींत लिहितात आणि सोमवारी वही माझ्या टेबलावर येते. मुलांनीच तिला ‘घरची वही’ असं नाव पाडलं आहे.

पहिल्या वर्षी या वहीच्या प्रत्येक पानाखाली मी एक रेघ आखायला लावत असे. रेघेखाली लिहायचं, ‘पालकाची सही’. पालकांचा सहभाग हवा, असं सगळेच सांगत होते आणि सहभागाची दुसरी खूण मला माहीत नव्हती. सह्या येत होत्या. मी बरोबरच्या खुणा करत होते. एके दिवशी सातवीतल्या एका मुलीच्या वहीत माझ्या लक्षात आलं, की सहीतला ‘ळ’ आणि वरच्या मजकुरातला ‘ळ’ एकाच हाताचा आहे. मी तिला वर्गात उभं केलं आणि खोटी सही केल्याबद्दल सगळ्यांसमोर बोलले.

दुसऱ्या दिवशी तिची आजी आली. आईबाप ऊसतोडीला गेलेले, पोर आजीपाशी. ओट्यावर बसून तिनं हात पुढं केला आणि म्हणाली, “बाई, मला सही येत न्हाई. अंगठा द्यायची पोरीला लाज वाटली, म्हून तिनंच माजं नाव लिवलं. तिला मारू नका.”

मी मारलं नव्हतं. पण त्या घरात जी गोष्ट नव्हती, नेमकी तीच मी दर आठवड्याला मागत होते. मागून वर ती नसल्याची शिक्षा पोरीला देत होते.

आजी लगेच उठली नाही. शाळेला लागून ज्वारीचं रान आहे, तिकडं बघत ती सहज बोलत राहिली. हे अजून पोटरीत आहे, आठ दिवसांत निसवेल, मग फुलोरा, मग दाणा चिकात येईल, मग हुरडा. एकाच ताटाच्या वयाला पाच शब्द, आणि प्रत्येक शब्दात त्या ताटाचं वेगळं रूप. कणीस अजून पानांच्या आवरणात फुगून बसलंय ती पोटरी. ते बाहेर पडलं की निसवणं. दाणा दाबला की पांढरा रस येतो तो चीक. मी मराठी घेऊन एम. ए. केलेली बाई. त्या रानाला मी रोज येता-जाता ‘पीक’ एवढंच म्हणत होते.

पुढच्या शनिवारी मी पानाखालची रेघ तशीच ठेवली. फक्त तिच्याखालचा मजकूर बदलला. आता तिथं लिहायचं: ‘सांगणाऱ्याचा शब्द’. प्रश्नाचं उत्तर देताना घरातल्या माणसानं वापरलेला, मुलाला नवा वाटलेला एक शब्द, आणि सांगणाऱ्याचं नातं. आजी, आत्या, चुलता, मामी. सही ज्याला येते त्यालाच देता येते. शब्द सगळ्यांकडे असतो.

तेव्हापासून खरं काम सुरू झालं ते प्रश्न शोधण्याचं. ‘माझी आई’ हा निबंध मी अनेक वर्षं दिला होता. त्याचं उत्तर गाइडमध्ये असतं. तिथली आई पहाटे उठते, सगळ्यांचं करते आणि थोर असते. गाइडमधली आई वाईट नाही, पण ती कुणाचीच नाही. वहीतला प्रश्न असा हवा, की त्याचं उत्तर फक्त त्याच घराला ठाऊक असेल. तुम्हाला घरात कोणत्या नावानं हाक मारतात आणि ते कुणी पाडलं? आजी लहान असताना घरात असलेली, आता नसलेली एक वस्तू कोणती, आणि ती हातात कशी धरायची? आपल्या शेताच्या तुकड्याला काय नाव आहे, आणि का? एकदा मी विचारलं, काल घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवलं आणि त्याच्या ताटात काय होतं? त्या सोमवारी वह्या वाचून दाखवताना एकामागून एक वहीत तेच माणूस निघत गेलं. शेवटी एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “बाई, ‘थोर’ लिहायची गरजच पडली नाही.” लेखनाबद्दल मला जे शिकवायचं होतं, ते तो एका वाक्यात बोलून खाली बसला.

चांगल्या प्रश्नात ‘कसं’ असतं. ‘काय’ विचारलं तर मूल नाव सांगून मोकळं होतं. ‘हातात कशी धरायची’ विचारलं की आजीला उठून दाखवावं लागतं, मुलाला बघावं लागतं आणि बघितलेलं वाक्यात बसवताना क्रियापदं शोधावी लागतात. उखळात मुसळ मारतात, की घालतात, की सोडतात? पाखडणं आणि चाळणं यांत फरक कोणता? अशा शब्दांवर वर्गात भांडणं होतात. मला ती भांडणं आवडतात.

सोमवारी वाचन. मंगळवारी आणि बुधवारी मी वह्या तपासते, पण लाल पेन वापरत नाही. पेन्सिलनं समासात एक प्रश्न लिहिते: ‘हे तुला कसं कळलं?’ किंवा ‘इथं आजी काय म्हणाली, तेच लिही.’ शुद्धलेखनाचा दर आठवड्याला एकच नियम घेते. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ साली मान्य झाले, १९७२ साली त्यांत आणखी चार आले. अठरा नियम एकदम अंगावर घातले तर मूल लिहायचंच थांबतं. म्हणून एका आठवड्यात फक्त फूल, मूल आणि दूध. एकटे असताना लांब. प्रत्यय लागला की आखडतात: फुलाला, मुलाला, दुधाला. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला ‘शरीर’ मात्र आखडत नाही, ‘शरीराला’ म्हणतानाही ताठच राहतो. मुलं आपल्याच पानावर तेवढी एकच चूक शोधतात, गुरुवारी आणि शुक्रवारी तेच पान पुन्हा लिहितात. दुसऱ्यांदा लिहिणं ही शिक्षा नाही, हे पटायला त्यांना वर्ष लागतं. पटलं की मग कुणी तिसऱ्यांदाही लिहून आणतं.

शब्दाच्या रेघेखाली मात्र मी पेन्सिलनंही काही बदलत नाही. तिथं ‘पानी’ असेल तर ‘पानी’च राहतं. ‘न्हाई’, ‘व्हतं’, ‘लई’ हे सगळं जसं ऐकलं तसं. वरच्या आठ ओळी पुस्तकी मराठीत, खालची ओळ घरच्या मराठीत. मुलांना मी सांगते, प्रमाण मराठी शिकायचीच, कारण तिच्याशिवाय अर्ज लिहिता येत नाही, परीक्षा देता येत नाही, लांबच्या माणसाशी बोलता येत नाही. पण ती शिकताना घरचं बोलणं चूक ठरत नाही. ज्या पोराला रोज सांगितलं जातं, की तुझी माय चुकीचं बोलते, ते पोर हळूहळू वर्गात बोलणंच बंद करतं. मागच्या बाकावर अशी गप्प झालेली पोरं मी पुष्कळ पाहिली आहेत. पूर्वी मी त्यांना ‘मंद’ समजत असे.

आठवीला मी दरवर्षी बहिणाबाई चौधरींची गोष्ट सांगते. जळगावजवळच्या असोद्यात १८८० साली जन्मलेली शेतकरीण. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर, चुलीपाशी तिच्या तोंडून गाणी यायची आणि घरातली लिहिती पोरं ती टिपून ठेवायची. तिचा मुलगा सोपानदेव त्यांत होता. १९५१ साली ती गेली. ती टिपणं आचार्य अत्र्यांनी पाहिली आणि १९५२ साली पुस्तक निघालं. मुलांना या गोष्टीतला मोठेपणा माहीत असतो, धड्यात तो आलेला असतो. मी त्यांचं लक्ष वहीकडे वळवते. त्या घरात लिहून घेणारं कुणी नसतं, तर मराठीच्या हाती काय उरलं असतं? हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेड्यापाड्यांतल्या बायांकडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्याही कुणीतरी शेजारी बसून ऐकल्या म्हणूनच राहिल्या. “तुमच्या घरात लिहिता येणारं पहिलं माणूस तुम्ही आहात,” मी म्हणते, “मग लिहून घेणार कोण?”

दिवाळीच्या आगेमागे गाव अर्धं रिकामं होतं. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा हिशेब. ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांवर जातात. काही मुलं बरोबर जातात, काही हंगामी वसतिगृहात राहतात, काही आजी-आजोबांपाशी. या चार-पाच महिन्यांत घरची वही बंद पडेल, असं मला वाटलं होतं. पण रविवारी रात्री फोन येतोच. मुलंच म्हणाली, बाई, फोनवर विचारतो ना. मग वहीत फड आला, पाचट आलं, कोपी आली. गाडी भरताना रात्री दोनला उठलेली आई आली. एका पोरानं लिहिलं, ‘आई फोनवर दोन मिनिटं बोलते, पण आज शब्द सांगायचा म्हणून दहा मिनिटं बोलली.’ ते पान मी तपासलं नाही. तसंच ठेवून दिलं.

ज्या मुलीवर मी खोट्या सहीचा आळ घेऊन बोलले होते, तिनं आठवीत असताना फोनवरून आईचा शब्द लिहून आणला: ‘मोळी – दोरीनं बांधलेला उसाचा भारा.’ नेटकं वाक्य होतं. मी बरोबरची खूण केली.

एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे कारखान्यांचा हंगाम संपला, माणसं परतली. एका शनिवारी शाळा सुटताना तिची आई फाटकात उभी होती. पोर म्हणाली, “बाई, मायला वही बघायचीय.” आम्ही ओट्यावर बसलो, जिथं तिची आजी बसली होती तिथंच. मुलगी पानं उलटत वाचून दाखवत होती, आई ऐकत होती. मोळीपाशी तिनं हात वर केला.

“दोरी कुठली? तिथं दोरी कोन देतंय? वाढ्यानंच बांधायची.” उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला म्हणजे वाढं. तिनं हवेत दोन हातांनी पीळ घालून दाखवला. “असा आळा करायचा, कडब्याच्या पेंढीला करतो तसा. आळा सुटला की मोळी गेली.”

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. त्याच आठवड्यात वाक्प्रचारांत ‘आळा घालणे – प्रतिबंध करणे, रोखणे’ हे मी फळ्यावर लिहून दिलं होतं आणि वर्गानं ते पाठ केलं होतं. आईचे हात अजून पीळ धरून हवेत होते. “म्हणजे बाई,” ती म्हणाली, “आळा घालणे म्हणजे हे?”

हेच. एवढी वर्षं हा वाक्प्रचार मी अर्थासकट शिकवत आले होते आणि त्यातली वस्तू मला माहीत नव्हती. गवताचा, कडब्याचा, वाढ्याचा एक पीळ, जो सुटं असलेलं धरून ठेवतो.

मुलीनं पेन काढलं. ‘दोरीनं’ हा शब्द खोडला, वर ‘वाढ्याच्या आळ्यानं’ लिहिलं, आणि मला न विचारता वही आईपुढं धरून पुन्हा वाचून दाखवलं. आईनं ऐकलं, मान हलवली.

“आता बरुबर हाय,” ती म्हणाली.

मी माझी खूण पुसली. वही तपासून झाली होती.