आत्रेयी आणि आमची चौथी

दिवाळी सरते, बांध्यांमधला धान कापून पुंजणे उभे राहतात, सकाळी शेकोट्यांचा धूर गावावर रेंगाळतो आणि आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळांना सामन्यांचे वेध लागतात. आधी केंद्राचे, मग बीटाचे, मग तालुक्याचे, आणि तिथेही टिकलो तर जिल्ह्याचे. कुठल्यातरी गावच्या पटांगणावर फक्कीने रेषा आखल्या जातात, लाकडी खुंट रोवले जातात. कुणाच्या भावाची जर्सी, कुणाच्या पायात बूट, कुणी अनवाणी. घरून आणलेल्या डब्यातला भात सगळे एकत्र बसून खातात.

दुसऱ्या दिवशीचा परिपाठ मला वर्षभरातल्या सगळ्या परिपाठांपेक्षा प्रिय आहे. एरवी प्रतिज्ञा होते, सुविचार होतो, दिनविशेष होतो, आणि मग एक मूल पुढे येऊन वर्तमानपत्रातल्या बातम्या वाचते. दिल्लीची बातमी, पावसाची बातमी, क्रिकेटची बातमी, सगळ्या एकाच पट्टीत, एका श्वासात, लवकर संपाव्यात म्हणून. सामन्यांच्या दुसऱ्या दिवशी मात्र हातात कागद नसतो. ‘‘काल आपन खो-खोत हारलो. पन तिसरीची पोरगी शेवटपर्यंत सापडलीच नाई,’’ असे चौथीतला मुलगा मान वर करून सांगतो आणि सगळी रांग त्या तिसरीच्या पोरीकडे वळून पाहते. कोण कसे पडले, कुणी कोणाला वेळेवर खो दिला, पंचांनी कुठे शिट्टी वाजवली, हे तो क्रमाने सांगतो. मराठीच्या पेपरात ‘पाहिलेल्या प्रसंगाचे पाच वाक्यांत वर्णन कर’ या प्रश्नाखाली याच मुलाने दोन ओळी लिहून पेन खाली ठेवलेले असते.

आमच्यासारख्या शाळेत खो-खोचा संघ ‘निवडणे’ हा प्रकारच नसतो. मैदानात नऊ आणि बाहेर तीन, असे बारा जण लागतात. पटावर पहिलीपासून मिळून विशीच्या आसपास मुले असली, त्यातली निम्मी कमरेएवढीही उंच नसली, की उरतात ती सगळी संघात. जाडा, बारका, लाजरी, रडका, सगळे. आणि हा खेळ असा, की पाठलाग करणाऱ्याला मागे वळता येत नाही, बसलेल्यांच्या मधून पलीकडे जाता येत नाही. आठ जण पाटीवर आलटून पालटून तोंडे करून बसलेले. धावणारा कितीही चपळ असो, पलीकडे जायचे तर बसलेल्याला उठवावेच लागते. आमच्याकडचा एक मुलगा धावायला मंद होता. पण पाठीवर हात पडून ‘खो’ ऐकू आला, की तो ज्या क्षणी उठायचा त्या क्षणाला तोड नव्हती. पंजे आधीच जमिनीत रुतवलेले, एक गुडघा वर, नजर समोरच्याच्या कमरेवर. त्याला मुद्दाम खुंटाजवळच्या पाटीवर बसवत असू. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर या महाराष्ट्राच्याच दोन कर्णधारांनी महिलांचा आणि पुरुषांचा, दोन्ही चषक भारताला मिळवून दिले. तेव्हा परिपाठात ही बातमी वाचणारा आमचा हाच मुलगा होता, आणि त्या दिवशी त्याने ती एका पट्टीत वाचली नाही.

मग चाचण्यांचे दिवस येतात. वर्षाच्या सुरुवातीला पायाभूत, मध्ये संकलित एक, शेवटी संकलित दोन. छापील प्रश्नपत्रिका येतात, वर्गात अंतर ठेवून मुले बसतात आणि मैदानावर आरडाओरडा करणारी तीच मुले एकदम परकी दिसू लागतात. घरी कुणी पोवारी बोलते, कुणी झाडीबोली, कुणी हलबी, कुणी गोंडी, कुणी छत्तीसगढी वळणाची हिंदी. श्रुतलेखनात ‘पाणी’ सांगितले की वहीत ‘पानी’ येते. कानाने ऐकलेले हाताने नेमके लिहिले आहे. ज्या घरात मूल तो शब्द शिकले, तिथे तो तसाच आहे. प्रमाण मराठी त्याला यायलाच हवी, ते माझे काम आहे. पण त्या ‘न’वर लाल गोल काढताना हात जरा थांबावा, असे मला वाटते.

एका मुलीचे सांगते. चौथीची होती. गणिताच्या पेपरात 70 गुणिले 3 असे उदाहरण होते आणि तिने ते कोरे सोडले होते. पेपर संपल्यावर तिला जवळ बसवून विचारले, उन्हाळ्यात आईबरोबर तेंदूपत्त्याला जातेस ना? जाते म्हणाली. एका पुड्यात पाने किती? ‘‘सत्तर,’’ ती लगेच म्हणाली. दोन पुड्यांत? ‘‘एकशे चाळीस.’’ तीन? ‘‘दोनशे दहा.’’ दहापर्यंत ती न अडखळता गेली. शंभर पुड्यांची सात हजार पाने, हे तिला पाठ होते, कारण फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, पुडे शेकड्यानेच मोजले जातात आणि आईला हिशेब तीच सांगते. जंगलातून आणलेली पाने अंगणात मांडून, एकावर एक जुळवून, सालीच्या दोरीने बांधताना तिच्या बोटांत जो पाढा बसला होता, तो प्रश्नपत्रिकेतल्या फुलीच्या खुणेपर्यंत पोचलेलाच नव्हता. तिला गुणाकार येत नाही, असे त्या कोऱ्या जागेने सांगितले. ते खरे नव्हते. तिला गुणाकाराचे चिन्ह अनोळखी होते, आणि ती ओळख करून द्यायला आम्हाला दोन-तीन तासिका पुरल्या.

अशा वेळी मला आत्रेयी आठवते. आमगावजवळ पदमपूर हे गाव आहे. आठव्या शतकातला नाटककार भवभूती हा पद्मपूरचा, आणि ते पद्मपूर म्हणजे आपले हेच गाव, असे वा. वि. मिराशी यांनी मांडले. आमगावचे महाविद्यालय आजही भवभूतीच्याच नावाने चालते. त्याच्या ‘उत्तररामचरिता’च्या दुसऱ्या अंकात आत्रेयी नावाची एक विद्यार्थिनी दंडकारण्यातून एकटी चालत येते. वाल्मीकींसारखा गुरू सोडून इतक्या दूर का निघालीस, असे वनदेवता वासंती तिला विचारते. कारणे दोन. एक, आश्रमात लव आणि कुश शिकत आहेत आणि त्यांच्या बुद्धीपुढे तिच्यासारखीचा टिकाव लागत नाही. दुसरे, गुरू रामायण रचण्यात गढून गेले आहेत. म्हणून ती अगस्त्यांकडे, दक्षिणेच्या अरण्यात, शिकायला निघाली आहे.

बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी आपल्याच मातीतल्या एका कवीला वर्गात मागे पडणारी मुलगी दिसली, तिला त्याने नाव दिले, रंगमंचावर आणले, बोलू दिले, याचा मला अतोनात अभिमान वाटतो. पण तिच्या तोंडी त्याने जे तत्त्व घातले, तिथे मला त्याच्याशी भांडावेसे वाटते. गुरू सर्वांना सारखेच देतो, घेण्याची शक्ती मात्र ज्याची त्याची. रत्नात बिंब उमटते, मातीत उमटत नाही, असा त्याचा आशय आहे. तो सरळ मानला तर परीक्षा म्हणजे रत्ने वेचून घेण्याची चाळणी ठरते. माझ्या वर्गात मला असा एकही मुलगा, अशी एकही मुलगी भेटलेली नाही, जिच्यात काहीच उमटत नाही. कुठल्या बाजूने उजेड धरायचा, ते मात्र शोधावे लागते. आणि आत्रेयीला निदान अगस्त्यांचा आश्रम होता. आमच्या चौथीतल्या मुलीने ही शाळा सोडली तर ती दुसऱ्या गुरूकडे जाणार नाही. ती रोवणीला जाईल, धाकट्या भावाला सांभाळेल आणि मग शाळेत येणारच नाही.

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशा कितीतरी वाटांनी मुलाला पाहा आणि त्याच्याविषयी वर्णनात्मक नोंद लिहा, असे त्यात सांगितले आहे. माझ्या मते प्राथमिक शिक्षणात इतका शहाणा विचार क्वचितच कागदावर उतरला असेल. त्याचे नुकसान तयार नोंदींनी केले. ‘गणितात रुची घेते’, ‘वर्गात सहभागी होते’ अशा छापील वाक्यांची पुस्तिका समोर ठेवून रकाने भरले, की कुठल्याही मुलाचे पान कुठल्याही मुलाला लावता येते. खरी नोंद अशी असते: ‘सत्तरच्या पटीत तोंडी मोजते, कागदावर गुणाकाराचे चिन्ह पाहून थांबते.’ अशी नोंद वाचली, की उद्या काय शिकवायचे ते कळते. ती लिहायला मुलाजवळ बसावे लागते, आणि दोन शिक्षक, चार-पाच इयत्ता, ऑनलाइन माहिती, पोषण आहाराचा हिशेब यांतून तो वेळ काढावा लागतो. वाल्मीकी निदान रामायण लिहीत होते. आमचा वेळ ज्या तक्त्यांत जातो, ते मुलांच्या वाट्याच्या वेळातून भरले जातात. ते कमी करा, ही मागणी आम्ही शिक्षक सतत करत आलो आहोत आणि करत राहू.

आता तर अशा खऱ्या नोंदी जास्त निकडीच्या झाल्या आहेत. 2023 मध्ये राज्याने नियम बदलला. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. तीत जो उत्तीर्ण होत नाही त्याला जादा मार्गदर्शन देऊन दोन महिन्यांत पुन्हा परीक्षा, आणि तिथेही अडला तर तो त्याच वर्गात. परीक्षेला माझा विरोध नाही. मुलांनाही ती आवडते, कोऱ्या करकरीत उत्तरपत्रिकेवर नाव घालताना त्यांचे चेहरे पाहा. माझे म्हणणे त्या दोन महिन्यांविषयी आहे. मूल कुठे अडले ते चौथीपर्यंतच्या नोंदींत नेमके लिहिलेले असेल, तर ते दोन महिने पुरतात. तिथे ‘प्रगती समाधानकारक’ एवढेच असेल, तर नापासाचा शिक्का तेवढा त्याच्या हाती उरतो.

निकाल आमच्याकडे वर्षानुवर्षे 1 मे रोजी लागत आला. महाराष्ट्र दिन, आणि 1999 साली याच दिवशी आपला गोंदिया जिल्हाही भंडाऱ्यातून वेगळा झाला. नेमका तोच तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. आई-बाप पहाटेच जंगलात गेलेले असतात, मुले एकटीच येऊन प्रगतिपुस्तक घेऊन जातात आणि ते घरी फडताळावर पडून राहते. म्हणून गावातल्या सगळ्या आई-बापांना माझी कळकळीची विनंती आहे. त्या दिवशी नाही जमले तर पुडे फळीवर टाकल्यावर, दुसऱ्या दिवशी या, पण या. श्रेणी कोणती मिळाली एवढेच विचारून परत जाऊ नका. माझ्या लेकराची नोंद वाचून दाखवा, त्याला काय येते आणि काय अडते ते सांगा, म्हणा. नोंद तयार वाक्यांची असेल तर समितीच्या सभेत तसे बोला. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, हे कायद्यात लिहिलेले आहे.