मापाच्या वहीतल्या मुली

सोलापुरात लग्नसराई तोंडावर आली की लेडीज टेलरच्या टेबलावर आधी मोबाइल येतो, मग कापड आणि सगळ्यात शेवटी मुलगी. मोबाइलमध्ये फोटो असतो. कुणी नटी, कुणी मॉडेल, पाठ मोकळी, पोट आत गेलेलं, कमरेला एक घडी नाही. "काकू, असंच पाहिजे बघा. फिटिंग अगदी असंच बसलं पाहिजे." मी वर्षानुवर्षं ब्लाउज आणि ड्रेस शिवत आले, घरी शिवणाचा क्लासही घेते, त्यामुळे या वाक्याची सवय झाली आहे. त्याच्या पुढच्या वाक्याची मात्र होत नाही. टेप कमरेभोवती गेली की पोरगी श्वास आत ओढून धरते आणि म्हणते, "दोन इंच कमीच लिहा ना. तोवर मी उतरवते."

मी खरं माप लिहिते आणि आत बोटभर माया सोडते. लग्न दीड महिन्यावर आलेलं असताना वीस-एकवीस वर्षांची मुलगी दोन इंच कशी उतरवते, ते आता पाठ झालं आहे. सकाळी लिंबू-मध घातलेलं कोमट पाणी. दुपारी काकडी. रात्री काहीच नाही, किंवा कुणीतरी सांगितलेली पावडर. घरात भाकरी, शेंगाचटणी, डाळ, सगळं असतं. ती ताटावरून उठते. हळदीच्या आधी ट्रायलला येते तेव्हा ब्लाउज खांद्यावरून घसरत असतो, डोळ्यांखाली काळं आलेलं असतं, आणि शेजारी उभी असलेली आई कौतुकानं सांगते, "बघा, किती छान बारीक झाली!"

एका पावसाळ्यात माझ्या वहीच्या एकाच पानावर दोन मुलींची मापं उतरली. दोघींची कंबर 24. पहिली खात्यापित्या घरातली. जिमला जायची, रात्रीचं जेवण तिनं केव्हाच सोडलं होतं. तिची आई मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाली, की तीन महिने पाळी आलेली नाही, डॉक्टरकडे न्यावं का? दुसरीची आई विड्या वळते. सोलापुरात अशा हजारो बायका आहेत. हजार विड्यांमागे मजुरी ठरलेली असते आणि ते हजार पुरे व्हावेत म्हणून घरातल्या मुलींचे हात पानं कातरायला लागतात. ही मुलगीही कॉलेजला जायच्या आधी कात्री घेऊन बसायची. सकाळी चहाबरोबर पाव, तो संपला की थेट संध्याकाळची भाकरी. मुंढ्याचं माप घ्यायला तिनं हात वर केला तर मनगटातली बांगडी सरकत कोपराजवळ आली. जिना चढून आल्यावर ती किती तरी वेळ दम खात बसली होती. खालच्या पापणीची आतली बाजू लाल असायला हवी, ती पांढुरकी दिसत होती.

आणि दुकानात बसलेल्या बायका त्या दोघींनाही एकच वाक्य बोलल्या: "काय फिगर आहे गं तुझी!"

दुसरी मुलगी खुलली. तिच्या अंगाचं इतकं कौतुक बहुधा पहिल्यांदाच कुणी केलं होतं. ते कौतुक तिच्या उपासमारीचं होतं, आणि हे तिथं कुणाच्या ध्यानातही आलं नाही. या सगळ्या विषयात मला सर्वांत जास्त बोचतं ते हेच.

2019 ते 2021 या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे महाराष्ट्राचे आकडे पाहिले, तेव्हा ते वहीचं पान पुन्हा डोळ्यांपुढं आलं. 15 ते 49 वयाच्या बायकांमध्ये 20.8 टक्के बायकांचं वजन उंचीच्या मानानं कमी. त्यांचा बीएमआय 18.5 च्या खाली. 23.4 टक्के बायकांचं वजन जास्त. म्हणजे पाचातली एक फार बारीक आणि चारातली जवळजवळ एक जाड. पण 15 ते 19 वयाच्या मुलींमध्ये रक्त कमी असलेल्या 57.2 टक्के आहेत. दहातल्या जवळजवळ सहा. आधीच्या, म्हणजे चौथ्या सर्वेक्षणात हा आकडा 49.7 होता. मुली बारीक होण्याच्या मागं लागल्या आणि म्हणून तो वाढला, असं मी म्हणणार नाही. गरिबी, पाळीतला रक्तस्राव, जंत, ताटात न पडणाऱ्या पालेभाज्या, घरात शेवटी जेवायची रीत अशी त्याची कितीतरी कारणं आहेत. पण ज्या वयात दहातल्या सहा मुलींना रक्त कमी आहे, त्याच वयात आपण त्यांना "थोडं कमी कर" असं सांगतो आहोत.

हे सांगतं कोण? परदेशातल्या रॅम्पकडे बोट दाखवणं सोपं आहे, आणि त्यात तथ्यही आहे. ऑगस्ट 2006 मध्ये उरुग्वेची मॉडेल लुईसेल रामोस मॉन्तेव्हिदेओतल्या फॅशन शोमध्येच कोसळून गेली. वय 22. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्राझीलची 21 वर्षांची आना कारोलिना रेस्तोन न खाण्याच्या आजारानं गेली. माद्रिदच्या फॅशन वीकनं त्या वर्षी बीएमआय 18 च्या खालच्या मॉडेल्सना रॅम्पवर यायला मनाई केली. 2012 मध्ये इस्रायलनं तसा कायदा केला. फ्रान्सनं 2017 पासून मॉडेलला डॉक्टरी दाखला सक्तीचा केला आणि जाहिरातीतल्या फोटोत शरीर बारीक किंवा जाड करून दाखवलं असेल तर तसं लिहायला लावलं. नॉर्वेनंही 2021 मध्ये अशा फोटोंवर खूण छापायचा कायदा केला.

मॉडेल इतक्या बारीक का लागतात, याचं कारण मात्र शिवणाऱ्या माणसाला चटकन कळतं. डिझायनर नमुन्याचा प्रत्येक कपडा एकाच मापात शिवतो. तोच शोला, तोच फोटोला, तोच मासिकाकडे जातो. मुलगी नंतर निवडतात, आणि त्या कपड्यात मावेल तीच निवडतात. बारीक अंगावर कापड हँगरवर टांगल्यासारखं सरळ पडतं, टक्स कमी लागतात, बेतणं सोपं जातं. ज्या कारागिराला भरलेल्या छातीला आणि रुंद पाठीला नेमका बसणारा ब्लाउज बेतता येतो, त्याचं कसब त्यापेक्षा कितीतरी मोठं आहे. आमच्या गल्लीबोळातल्या टेलरिंगच्या दुकानांत असे कारागीर बसलेले आहेत.

तीच नमुन्याच्या मापाची रीत आता आपल्या गॅदरिंगमध्ये आली आहे. एका कॉलेजच्या फॅशन शोसाठी माझ्या क्लासच्या मुलींनी कपडे शिवले होते. त्यातल्या एकीनं आजीच्या इरकलीचे काठ आणि पदर वापरून लांब घेराचा ड्रेस केला. पदराची लाल-पांढरी नक्षी तिनं पाठीवर अशी बसवली होती की जोड शोधून सापडू नये. हातशिलाईत तिच्या तोडीची मुलगी त्या बॅचमध्ये नव्हती. ड्रेस तिनं स्वतःच्या मापानं बेतला होता, कारण तोच घालून तिला चालायचं होतं. तालमीच्या दिवशी तिला सांगण्यात आलं, की ड्रेस घेऊ, घालायला मात्र दुसरी मुलगी देतो, "स्टेजवर बरं दिसायला पाहिजे." मग तिनंच तो दोन्ही बाजूंनी उसवला आणि त्या दुसऱ्या मुलीच्या मापाला लहान करून दिला. माझ्यासमोर बसून दिला. शिलाई सरळ आली, हात एकदाही थरथरला नाही. शोच्या दिवशी ती आली नाही.

त्या निर्णयामागं वाईट माणसं होती असं मला वाटत नाही. पण अन्याय झाला, आणि तो एका मुलीच्या हातांवर झाला.

मुलीचं अंग हा गावचा विषय होण्याची खोड मात्र रॅम्पच्या आधीची, आपल्या घरातली आहे. माझ्या लहानपणी बारीक मुलीला 'काडी', 'सुकट', 'पाप्याचं पितर' म्हणायचे. स्थळ यायचं असलं की डिंकाचे लाडू सुरू व्हायचे; अंग भरलं नाही तर सासरचे म्हणतील, माहेरी खायला मिळत नव्हतं. आता पारडं फिरलं आहे. 2008 मध्ये 'टशन' सिनेमाच्या वेळी करीना कपूरच्या झिरो फिगरची चर्चा झाली आणि तो शब्द सोलापूरच्या पेठांपर्यंत पोचला. तेव्हा तिच्या आहारतज्ज्ञ होत्या आपल्या ऋजुता दिवेकर. त्या तर तेव्हापासून घरचं जेवण, भात, तूप वेळेवर खा असंच सांगत आल्या. मुलींनी त्यातली फिगर उचलली, तूप-भात तिथंच राहिला. लग्नाच्या बायोडेटात 'बांधा' ही ओळ तेव्हाही होती, आताही आहे. फक्त 'सुदृढ'च्या जागी 'सडपातळ' आलं. मुलाच्या बायोडेटात त्या जागी पगार असतो.

आमच्याच जिल्ह्यानं याला एक खणखणीत उत्तरही दिलं आहे. करमाळ्याजवळच्या जेऊरचे नागराज मंजुळे, अकलूजची शाळकरी रिंकू राजगुरू आणि एप्रिल 2016 मध्ये आलेला 'सैराट'. बुलेट चालवणारी, ट्रॅक्टर हाकणारी त्यातली आर्ची ही आमच्या शाळा-कॉलेजांतून दिसणाऱ्या कुठल्याही मुलीसारखी होती. तोच वर्ण, तेच भरलेले गाल, तीच बोली. रिंकूच्या कामाची राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष दखल घेतली गेली. त्या उन्हाळ्यात माझ्याकडे मुली आर्चीचे फोटो घेऊन आल्या आणि "दोन इंच कमी लिहा" हे वाक्य मला फारसं ऐकू आलं नाही. पडद्यावर आपल्यासारखी मुलगी दिसली की काय होतं, ते मी टेप हातात धरून पाहिलं आहे.

पुढं त्याच वर्षी 'वजनदार' आला. सई ताम्हणकर आणि प्रिया बापट यांनी त्यासाठी वजन वाढवलं होतं. 2020 मध्ये 'सुंदरा मनामध्ये भरली'तली अक्षया नाईकची लतिका आणि 2021 मध्ये 'येऊ कशी तशी मी नांदायला'तली अन्विता फलटणकरची स्वीटू घराघरांत पोचल्या. या मालिका मी आवडीनं पाहिल्या. दोघीही गुणी अभिनेत्री. पण अशी नायिका आली की गोष्टही तिच्या वजनाचीच होते, हे खटकत राहतं. जाड मुलगी बँकेत नोकरी करते, भावाशी भांडते, प्रेमात पडते आणि तिच्या वजनाचा विषयच निघत नाही, अशी मालिका मला पाहायची आहे.

जाहिरातींच्या बाबतीत आपल्याकडे फ्रान्ससारखा कायदा नाही. जाहिरात उद्योगाची स्वतःची संस्था 'ॲस्की' हिनं 2022 मध्ये नियम केले, त्यात एखाद्या व्यक्तीचा बांधा ठरीव साच्यातला नाही म्हणून ती मागं पडली असं जाहिरातीनं सुचवू नये, असं म्हटलं आहे. 'लग्नाआधी 10 किलो घटवा' अशी पत्रकं तरीही वर्तमानपत्राच्या घडीतून घरात येतात.

सोलापूरची ओळख देशाला चादरीमुळं आहे, पण गेल्या काही वर्षांत शाळेचे गणवेश हा इथला मोठा धंदा झाला आहे. त्या कारखान्यांत कापड कसं कापतात ते एकदा जाऊन पाहावं. 22, 24, 26 असे चढते आकडे, प्रत्येक आकड्याचा वेगळा गठ्ठा. बारकं पोर, दणकट पोर, अकाली उंच झालेली मुलगी, सगळ्यांचं माप त्यात धरलेलं असतं. वर्गातला एकही मुलगा किंवा मुलगी गणवेशावाचून राहता कामा नये, या हिशेबानं ते कापड कापलं जातं. बाजारातल्या तयार कपड्यांचं तसं नाही. तिथली स्मॉल-मीडियमची मापं बरीचशी परदेशी तक्त्यांवरून आलेली. म्हणून तर केंद्र सरकारनं 'निफ्ट' या फॅशन शिकवणाऱ्या संस्थेकडे 'इंडियासाइज'चं काम दिलं: सहा शहरांतल्या 25 हजार लोकांची मापं थ्रीडी स्कॅनरनं घेऊन भारतीय अंगाचा तक्ता करायचा. ट्रायल रूममध्ये लार्ज बसला नाही म्हणून रडत बाहेर येणाऱ्या मुलीला हे कुणीतरी सांगायला हवं. चूक त्या तक्त्यात आहे.

गॅदरिंगच्या तयारीला लागलेल्या शिक्षकांना आणि मुलींच्या आयांना माझी एवढीच विनंती आहे. आधी मुली ठरवा, मग त्यांच्या अंगाचे कपडे शिवा. बेतायला अवघड गेलं तर आमच्यासारख्यांना बोलवा, आम्ही येऊ. आणि तालमी सुरू व्हायच्या आधी प्रत्येकीचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. सिव्हिलमध्ये होतं, प्राथमिक आरोग्य केंद्रातही होतं. आकडा 12 च्या खाली आला तर मुलगी बारीक असो की जाड, तिला डॉक्टरकडे न्या. लोहाची निळी गोळी सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवड्याला एक अशी फुकट मिळते, आणि शाळा सुटलेल्या मुलींना ती अंगणवाडीत मिळते.