उपेक्षितांचे ऋण

आपल्या देशात एचआयव्हीचा विषाणू प्रथम उघडकीस आला तो १९८६ साली, मद्रास शहरी. डॉ. सुनीती सॉलोमन या तेथे सूक्ष्मजीवशास्त्राच्या अध्यापिका होत्या. माहेरच्या त्या गायतोंडे, मराठी घरातल्या. त्यांच्या सूचनेवरून निर्मला नावाच्या विद्यार्थिनीने सरकारी सुधारगृहात ठेवलेल्या, देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे रक्त गोळा केले. ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात तपासले गेले आणि ६ नमुन्यांत विषाणूची खूण आढळली. रक्त कशासाठी घेतले जात आहे, हे त्या स्त्रियांस सांगितलेले नव्हते. सर्व देशास सावध होण्यास अवसर मिळाला तो त्यांच्यामुळे. हा वृत्तान्त वाचल्यापासून त्यांचे आपण काय देणे लागतो, हा विचार आमच्या मनात घोळत आहे.

कलकत्त्याच्या सोनागाची वस्तीत १९९२ साली डॉ. स्मरजित जाना यांनी कार्य आरंभिले. बाहेरून उपदेशक न आणता त्यांनी वस्तीतील स्त्रियांनाच शिकवून आरोग्यसेविका केले. निरोधाचा आग्रह धरावयाचा तर स्त्रीच्या अंगी नकार देण्याचे बळ हवे. कर्जात बुडालेलीस ते कोठून असणार? म्हणून त्या स्त्रियांनी १९९५ साली आपली समिती स्थापिली व सहकारी पतसंस्थाही काढली.

मणिपुरात निराळे संकट होते. शिरेतून हेरॉइन घेणाऱ्या तरुणांत एकच सुई अनेकांस टोचली जाई, आणि १९९० नंतर रोग झपाट्याने पसरला. तेथे कार्यकर्ते जुनी सुई घेऊन नवी देऊ लागले.

आमच्या एका स्नेह्यांनी विचारले, "व्यसनी माणसास सुई देणे म्हणजे आगीत तेल ओतणे नव्हे काय?" आम्हांस तसे वाटत नाही. सुई नाकारल्याने व्यसन सुटत नाही. तो मनुष्य दुसऱ्याची वापरलेली सुई घेतो, आणि रोग त्याच्या पत्नीपर्यंत व तिच्या उदरातील बालकापर्यंत पोहोचू शकतो. उलट, सुई घ्यावयास येणाऱ्याची कोणाशी तरी ओळख होते, आणि त्या ओळखीतूनच पुढे तपासणी, औषध व व्यसनमुक्ती यांची वाट निघते. व्यसन सुटावयाचे तर मनुष्य आधी जगला पाहिजे. २०१७ च्या कायद्यानेही अशा साहाय्यास संरक्षण दिले आहे.

या रोगावरील औषधे सरकारी रुग्णालयांतून २००४ पासून मोफत मिळतात, व ती नियमित घेणारा मनुष्य दीर्घकाळ जगू शकतो. स्पर्शाने, सहभोजनाने वा एका बाकावर बसल्याने हा रोग होत नाही. असे असूनही बाधित मुलांस शाळेत घेऊ नये, अशी हाकाटी आपल्या महाराष्ट्रातही झालेली आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या वर्गात असे मूल आले तर बाकावर थोडे सरकून त्यास जागा द्या. आणि पालकहो, घरी आल्यावर त्याबद्दल मुलांस रागे भरू नका. त्या ६ स्त्रियांची नावे आपणांस ठाऊक नाहीत. त्यांचे ऋण आपल्या हातून फिटावयाचे तर ते अशाच लहान गोष्टींनी फिटेल.