अण्णांची फियाट आणि माझी भिशी



परवा मंदिरातून बाहेर पडताना एका काकूंनी माझे मनगट धरून विचारले, "अगं, तुझी भिशी लागली ना? मग पाटल्या कुठायत?" मी म्हटले, "गाडीत गेल्या." काकूंना वाटले आम्ही नवी गाडी घेतली. लगेच पेढे मागितले. नवी कसली, चाळीस वर्षांची प्रीमियर पद्मिनी! आमच्या घरात अजून तिला फियाटच म्हणतात.

ही गाडी माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, मार्च १९८४ मध्ये घेतली. त्या काळी पैसे भरून नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षे वाट बघायची. हळदीच्या अडतीतून साठवलेला पैसा होता. १९९३ साली श्रवणबेळगोळच्या महामस्तकाभिषेकाला घरची सहा माणसे हिच्यातूनच गेली. तेव्हा मी या घरात नव्हते, पण ती यात्रा इतक्या वेळा ऐकली आहे की कुठे पंक्चर झाले आणि कुठे दशम्या सोडल्या तेही सांगू शकेन. अण्णा दर रविवारी तासन् तास गाडी पुसत बसायचे, म्हणून सासूबाई तिला 'सवत' म्हणायच्या.

ऑगस्ट २०१९ चा महापूर सांगलीकरांना वेगळा सांगायला नको. आमचे घर गावभागात. माणसे, कागदपत्रे आणि सासूबाईंची औषधे घेऊन आम्ही बाहेर पडलो, गाडी बोळातच राहिली. पाणी सीटच्या वर गेले. परत आलो तेव्हा आत बोटभर गाळ होता. घराच्या भिंती, धान्य, वायरिंग यांतच सगळे पैसे संपले आणि माझ्या पाटल्याही तेव्हाच मोडल्या. त्याच हिवाळ्यात सासूबाई गेल्या. २०२१ ला पाणी पुन्हा आले. गाडीकडे मग कुणी बघितलेच नाही.

म्हणजे अण्णा सोडून. ते देवदर्शनाहून आले की ओल्या फडक्याने तिची काच पुसायचे. जी गाडी चालत नाही, तिची काच!

२०२३ च्या जूनमध्ये आमच्या ह्यांनी भंगारवाल्याला बोलावले. त्याने बावीस हजार सांगितले. अण्णा 'हो' म्हणाले. एवढेच विचारले, "स्टेअरिंग तेवढे काढून ठेवता येईल का?" मी आत चहा गाळत होते. मला ते ऐकवले नाही. त्याच महिन्यात माझी भिशी लागायची होती, साठ हजारांची. बाहेर येऊन म्हटले, गाडी विकायची नाही.

त्या रात्री घरात जे बोलणे झाले ते इथे लिहीत नाही. ह्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते: दुकानावर कर्ज आहे, दारात एक गाडी आहेच, ही हौस कशाला? शेवटी ठरले की दुकानातला एक पैसा लागणार नाही. मी देवासमोर नियम घेतला, साठ हजारांच्या वर जायचे नाही. परिग्रहाचे परिमाण आपण दागिन्यांचे करतो, साड्यांचे करतो. मी गाडीच्या खर्चाचे केले. कॅलेंडरच्या मागे आकडा लिहिला आणि दर खर्चाला त्यातून वजा करत गेले.

मिस्त्री मिळाले ते अण्णांच्याच वयाच्या आसपासचे, जन्मभर फियाट केलेले. पहिल्याच दिवशी मागचे सीट उचलले तर आतल्या काथ्यात उंदराची पाच पिले. डोळेही उघडले नव्हते. मिस्त्री फावडे आणायला निघाले, मी आडवी उभी राहिले. "वहिनी, किती दिवस थांबायचं?" "आपणहून जातील तेवढे." तीन आठवडे काम बंद! ह्यांना हसायला विषय मिळाला. पण तेवढ्या दिवसांत मिस्त्रींनी पुढच्या बाजूने इंजिन मोकळे करायला घेतले. ते गच्च अडकले होते. प्लग काढून सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल ओतले, रोज पाना लावून केसभर हलवायचे. जोर केला तर तुटते, म्हणाले. आठव्या दिवशी ते फिरले, तेव्हा अण्णांनी मला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावले.

आता माझी चूक सांगते, कारण तुमच्यापैकी कुणी असल्या भानगडीत पडलीच तर उपयोगी पडेल. मिस्त्री सांगत होते की आधी पत्रा, मग इंजिन, मग ब्रेक, रंग सगळ्यात शेवटी. मला मात्र घाई झाली होती. गाडी चकचकीत दिसली की घरातली कुरकुर थांबेल असे वाटले. एका डेंटर-पेंटरने नऊ हजारांत रंग करून दिला. त्याने सडलेला पत्रा कापलाच नव्हता, वरून लांबी भरून रंग मारला होता. दोन महिन्यांत दारांच्या खालच्या कडेला फोड आले. पुढे तळाचा पत्रा बदलताना वेल्डिंगच्या आचेने उरलेलाही काळा पडला. साठातले नऊ गेले. दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. अण्णा मात्र म्हणाले, "रंग नसला तरी गाडी पळते."

मग मी शहाणी झाले. एका वहीत दोन पाने केली: ज्यावाचून गाडी चालणार नाही ते एका पानावर, ज्यावाचून चालेल ते दुसऱ्यावर. ब्रेकची रबरे, व्हील सिलिंडर, पेट्रोलचे पाइप, वायरिंग, रेडिएटर पहिल्या पानावर. क्रोमचे बंपर, घड्याळ, रेडिओ दुसऱ्यावर. इंजिनाचे बोअर गंजून खड्डे पडले होते, ते कोल्हापूरला उद्यमनगरात नेऊन मारून आणले. सगळ्यात मोठा खर्च तोच. बाकीचे बरेच सामान मुंबईत कुर्ल्याच्या भंगारबाजारातून भाच्याने पाठवले. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली ना, त्याच सुमारास. दाराच्या आतला एक हँडल काळ्यापिवळ्या टॅक्सीचा आहे. अण्णा त्याला हात लावून म्हणतात, याने किती माणसे उतरवली असतील!

सीट मी स्वतः शिवली. चामडे आमच्या घरात येत नाही, तेव्हा रेक्झिनच. घरच्या मशीनवर अठरा नंबरची सुई लावली तरी चार सुया मोडल्या, मग जाड थरांच्या जागी हाताने दाभण घालून शिवले. जुने कव्हर उसवून त्याचाच कागदावर नमुना काढला, ब्लाउजचा काढतो तसा. शिलाईची रेघ एका जागी वाकडी गेली आहे. दाखवल्याशिवाय दिसत नाही.

मार्च २०२४ ला नोंदणी संपत होती. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी गाडी आरटीओला दाखवून नोंदणी वाढवून घ्यावी लागते, आणि त्याची फी तेव्हा, एप्रिल २०२२ मध्ये, सहाशेवरून थेट पाच हजार झालेली होती. ते मी सुरुवातीलाच बाजूला काढले होते म्हणून बरे! शेवटचे पंधरा दिवस रमजान होता. मिस्त्री दिवसभर पाण्याचा घोट न घेता गाडीखाली पडून राहायचे. आम्ही सूर्यास्ताआधी जेवून उठायचो आणि सूर्यास्त झाला की ते खजूर तोंडात टाकायचे. ते निघाले की मी डबा द्यायची, कांदा-लसणाशिवायचा. दोनदा त्यांच्या घरून 'आमटी कशी केली' असे विचारणे आले.

हिशोब एकोणसाठ हजार आठशेवर थांबला. पण चार टायर अण्णांनी त्यांच्या कपाटातल्या पाकिटातून घेतले आणि ते मी वहीत धरले नाहीत. नियम पाळला गेला की मोडला, हे मला अजून ठरवता आलेले नाही. माताजींना विचारायचे आहे, धीर होत नाही.

अण्णांना आता रात्रीचे दिसत नाही, दिवसाही गाडी चालवायची नाही असे डॉक्टरांनी सांगितले आहे. म्हणून चालवायला मी शिकले. गिअर स्टेअरिंगपाशी, क्लच जड, ब्रेक आधीपासूनच दाबायला हवा. गावभागाच्या बोळात अण्णा शेजारी बसून "सावकाश, सावकाश" म्हणत. मला माहेरी सायकल शिकवताना वडील असेच म्हणायचे.

एप्रिलच्या एका रविवारी आम्ही कुंभोजच्या बाहुबलीला निघालो. मी, अण्णा, आणि शेवटच्या क्षणी मागे येऊन बसलेले आमचे हे. अंकलीचा पूल, जयसिंगपूर, सगळे छान झाले. हातकणंगल्याच्या अलीकडे भर उन्हात गाडी गचके देत बंद पडली. ह्यांनी माझ्याकडे नुसते बघितले. अण्णा मात्र खुशीत उतरले. "पेट्रोल पंप तापलाय. आत पेट्रोलची वाफ झाली की असंच होतं. बेळगावच्या पुढे असंच झालं होतं." गळ्यातले उपरणे काढून त्यांनी पंपाला गुंडाळले आणि आमचे उकळून गाळलेले पिण्याचे सगळे पाणी त्याच्यावर ओतले, तिन्ही बाटल्या. वीस मिनिटांनी गाडी सुरू झाली. बाहुबलीला पोहोचेपर्यंत तिघांच्याही घशाला कोरड.

परतताना सूर्यास्ताआधी जेवायचे म्हणून जयसिंगपूरच्या अलीकडे झाडाखाली थांबलो आणि बॉनेटवरच डबा उघडला. पत्रा गरम होता, भाकऱ्या परत ऊन झाल्या. जेवता जेवता हे म्हणाले, "मागची काच खाली होत नाही गं."

"ती दुसऱ्या पानावर आहे," मी म्हटले. "पुढच्या भिशीत बघू."