आंबेनळीतली भाऊबीज

भाऊबीजेला भावानं बहिणीकडे जायचं, ही आपली रीत. पण आमच्या ह्यांची बहीण राहते आंबेनळी घाटाच्या उतरणीला, पोलादपूर तालुक्यातल्या एका लहानशा वाडीत. आणि आम्ही वाईला. मध्ये सगळा सह्याद्री आडवा! त्यामुळे 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणता म्हणता ओवाळणी आधी मनिऑर्डरनं आणि मग फोनवरून जायला लागली. 2024 च्या दिवाळीत मात्र मीच हट्ट धरला. म्हटलं, ताटातल्या निरांजनाची सर फोनला येते का? चला उठा!

महाबळेश्वरला गाडी बदलून महाडकडे जाणारी एस.टी. धरली. कंडक्टरनं मला अर्धं तिकीट फाडलं आणि ह्यांना पूर्ण. एस.टी.त बायकांना निम्मं भाडं 17 मार्च 2023 पासून सुरू झालं, आणि ह्यांना पासष्ट पुरी व्हायला अजून दोन वर्षं होती. "बघा, सरकारदरबारी तुमच्यापेक्षा माझी किंमत जास्त!" मी म्हटलं. "जास्त कुठे, निम्मी झाली," इति हे. असो.

महाबळेश्वर सोडलं की रस्ता गिरक्या घेत खाली उतरू लागतो. पाऊस संपून महिना झालेला, गवत नुकतं पिवळं पडू लागलेलं. वाडा कुंभरोशीला प्रतापगडाचा फाटा लागतो. 10 नोव्हेंबर 1659 ला अफझलखानाची भेट झाली ती याच गडाच्या पायथ्याशी. शाळेत पाठ केलेली ती तारीख खिडकीतून गड दिसला की आपोआप ओठांवर येते. पुढे सातारा जिल्हा संपून रायगड सुरू होतो, आणि इथून खरी आंबेनळी. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी.

दाभिळ टोकाजवळ आमच्या गाडीतल्या गप्पा आपोआप थांबल्या. पुढच्या बाकावरच्या आजींनी हात जोडले. 28 जुलै 2018 ला दापोलीच्या कृषी विद्यापीठातले कर्मचारी महाबळेश्वरला सहलीला निघाले होते. त्यांची बस इथे दरीत गेली. तीस जण गेले, एक तेवढा वाचला. घरून निघताना कुणाच्या बायकोनं डबा भरून दिला असेल, कुणाच्या आईनं 'लवकर या' म्हटलं असेल. तो विचार आला आणि मी ह्यांचा हात घट्ट धरला.

वन्सं रस्त्यावर उभ्याच होत्या. "वैनी, अखेर वाट सापडली म्हणायची!" म्हणाल्या आणि माझ्या हातातली पिशवी ओढून चालू लागल्या. घर कौलारू, अंगण सारवलेलं, आणि घराच्या पाठीशी उभा डोंगर. त्या डोंगराकडे मी कौतुकानं बघत होते, तर वन्सं म्हणाल्या, "तुम्हाला शोभा दिसते. आम्हाला पावसाळ्यात झोप येत नाही."

खरंच होतं ते. 22 जुलै 2021 ला महाबळेश्वरला चोवीस तासांत 594 मिलिमीटर पाऊस पडला. सावित्री तिथेच उगम पावते, तेव्हा ते पाणी महाडात घुसणारच. त्याच रात्रीच्या सुमारास महाड तालुक्यात तळीये गावावर दरड कोसळून ऐंशीहून जास्त माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथेही घरं गाडली गेली. तेव्हापासून मोठा पाऊस लागला की वाडीतल्या बायका कागदपत्रांची पिशवी आणि लहान मुलं घेऊन शाळेत झोपायला जातात. आणि गंमत अशी, की इतका पाऊस कोसळूनही मार्चनंतर विहीर तळाला जाते आणि टँकरची वाट बघावी लागते! डोंगरानं सगळं पाणी खाली धाडलेलं असतं.

भाऊबीज थाटात झाली. ह्यांनी ताटात पाकीट ठेवलं. वन्संचे यजमान हसत म्हणाले, "यंदा हिला तुमच्या आधी दुसऱ्याच भावानं ओवाळणी घातलीय!"

मैत्रिणींनो, तुमच्या लक्षात आलंच असेल. विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला होतं. 'लाडकी बहीण' योजनेचे महिना 1500 रुपये जुलैपासून सुरू झालेले, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचा हप्ता आचारसंहिता लागण्याआधीच जमा करून पाच महिन्यांचे 7500 बायकांच्या खात्यात पोचते केलेले. वन्संनी त्यातून पाणी साठवायचं मोठं पिंप घेतलं, चष्मा केला आणि उरलेले तसेच ठेवले.

हे जरा तापलेच. "म्हणजे मत विकत घेतलं की!"

वन्संनी शांतपणे विचारलं, "दादा, तू आता पाकीट घातलंस. म्हणून मी उद्यापासून तुझं सगळं ऐकायचं का?"

ह्यांनी करंजी तोंडात टाकली. दुसरं काय करणार?

वन्सं मग सांगू लागल्या. इथली बहुतेक घरं मुंबईच्या पैशावर चालायची. पुरुष तिकडे नोकरीला, बायका इकडे शेत आणि म्हातारी माणसं सांभाळायला. निवडणूक आली की उमेदवार आधी मुंबईला जायचे. तिथे गावकऱ्यांचं मंडळ असतं. मंडळात ठरलं की गावाला निरोप यायचा, मतदानाच्या आदल्या रात्री चाकरमान्यांच्या गाड्या यायच्या. "आम्हाला कुणी विचारलंच नाही कधी. प्रचाराची गाडी आली की आम्ही चहा करायचा. आता गाडीतनं उतरतात ते थेट चुलीपाशी येतात. ताई, पैसे आले का? म्हणून विचारतात."

प्रचाराची ही तऱ्हा काही आपल्याच मुलखातली नाही हं! त्याच आठवड्यात, 5 नोव्हेंबरला, अमेरिकेत अध्यक्षाची निवडणूक होती. माझी भाची पेनसिल्व्हेनियात असते. दिवाळीचा फोन केला तर म्हणाली, "मावशी, रोज दारावरची बेल वाजते आणि पत्रांची पेटी जाहिरातींनी भरते. पलीकडे न्यू जर्सीत माझी मैत्रीण राहते, तिच्याकडे कुणी फिरकत नाही." तिथे प्रत्येक राज्याला ठराविक प्रतिनिधी असतात, एकूण 538. ज्याला 270 मिळाले तो अध्यक्ष. बहुतेक राज्यांत ज्याला जास्त मतं पडतात तो तिथले सगळे प्रतिनिधी घेऊन जातो. म्हणून जिथला निकाल आधीच ठाऊक आहे तिथे कोण कशाला पाय झिजवील? त्या वर्षी डळमळती राज्यं होती सात, आणि सगळा प्रचार तिथे एकवटलेला. आणि दारं उघडणाऱ्या बायका काय विचारत होत्या? अंड्यांचा भाव, घरभाडं, किराणा! 6 तारखेला दुपारी वन्संच्या टी.व्ही.वर ट्रम्प जिंकल्याची बातमी बघताना मला तेच आठवत होतं. सातही राज्यं त्यांनी घेतली.

तिकडे हे, तर इकडे आमच्या मुक्कामातच लिलाव सुरू झाला. 5 तारखेला महायुतीनं 1500 चे 2100 करू म्हणून सांगितलं, तर 6 तारखेला महाविकास आघाडीनं 3000 आणि बसप्रवास फुकट! वन्संच्या शेजारीण म्हणाल्या, "आणखी दोन दिवस थांबा, सोनंच देतील."

पण मला सांगायचं आहे ते 4 तारखेच्या संध्याकाळचं. अर्ज मागे घेण्याची मुदत त्या दुपारी संपली आणि दिवेलागणीला तीन गाड्या वाडीत आल्या. कुठल्या पक्षाच्या ते सांगत नाही. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याही आल्या आणि तेच बोलल्या. बायकांना पुढे बसवलं. भाषण झालं. मग वन्सं उठल्या. माझ्या पोटात गोळा आला, कारण मंडळाचा निरोप आधीच आलेला होता आणि यजमान मागे उभे होते.

"भाऊ, पैसे मिळाले, गोड मानून घेतले. पण पिंप आणलं तर त्यात भरायला पाणी कुठाय? टाकी कधी होणार? आणि पाठचा डोंगर कोण बघून जाणार?"

"ताई, निवडणूक झाली की पहिलं काम तुमचं."

वन्सं घरात गेल्या, भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यासकट काढून आणलं. दुधाचा हिशेब नि गॅस लागल्याची तारीख आपण लिहितो ना, त्याच चौकटीत, सगळ्यांदेखत त्यांनी लिहिलं : टाकी, डोंगराची पाहणी, कोण बोललं, किती वाजता. गर्दीत कुणी हसलं. पण वन्संचे यजमान पुढे झाले आणि त्यांनी कॅलेंडर धरून ठेवलं, नीट लिहिता यावं म्हणून. मला त्या क्षणी फार बरं वाटलं.

रात्री हे म्हणाले, "साठ-सत्तर मतांच्या वाडीला कोण भितंय?" मग स्वतःच थांबले. 2014 साली याच रायगड मतदारसंघात लोकसभेला अनंत गीते सुनील तटकऱ्यांवर अवघ्या 2,110 मतांनी निवडून आले होते. आणि तटकऱ्यांच्याच नावाचा एक अपक्ष उभा होता, त्याला 9,849 मतं पडली होती! अशा पन्नास वाड्या एकत्र झाल्या तर?

23 नोव्हेंबरला निकाल लागला. महाड मतदारसंघात शिवसेनेचे भरत गोगावले पुन्हा आले. ठाकरे गटाच्या स्नेहल जगताप सुमारे 26 हजारांनी मागे राहिल्या. मी फोनवर वन्संना विचारलं, "कुणाला दिलंत?" म्हणाल्या, "वैनी, ह्यांनाही सांगितलं नाही, तर तुम्हाला सांगू?"

पुढच्या दिवाळीला, 2025 च्या ऑक्टोबरात, आम्ही न चुकता गेलो. टाकीचे चार खांब उभे होते, टाकी नव्हती. डोंगर बघायला एकदा माणसं येऊन गेली होती. जुन्या कॅलेंडरचं ते पान वन्संनी जपून ठेवलेलं. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यावी लागते, हा नियम आपल्यापैकी कितीजणींना ठाऊक आहे? वन्संनी त्या सभेत ते पान वाचून दाखवलं आणि ठराव वहीत उतरवून घेतला. "दारात आला तेव्हा भाऊ होता. आता बहिणीनं माहेरी जाऊन मागायचं," म्हणाल्या.

परतताना घाट चढताना मी ह्यांना म्हटलं, घरी गेल्यावर आपल्या नळाचं काय काय कबूल झालं होतं ते आठवून लिहू या. तुमच्याही स्वयंपाकघरात कॅलेंडर असेलच. पेन्सिल दोऱ्यानं बांधून ठेवा, म्हणजे ऐन वेळी शोधावी लागत नाही.