नव्वद सालचं आयर्लंड

आयर्लंडमध्ये पन्नाशी ओलांडलेल्या कुणाहीपुढे १९९० सालचा विषय काढा, माणूस हातातलं काम बाजूला ठेवून बोलायला बसतो. मीही बसते. माझा जन्म तिथला नाही, पण त्या वर्षावर थोडा हक्क माझाही आहे.

आम्ही तेव्हा डब्लिनच्या ड्रमकाँड्रा भागात भाड्याने राहत होतो. हे रुग्णालयात डॉक्टर, मला दिवस गेलेले, आणि तळमजल्यावर आमच्या घरमालकीणबाई. त्यांची चार मुलं देशाबाहेर होती. लंडन, बॉस्टन, सिडनी अशी विखुरलेली. ऐंशीच्या दशकात आयर्लंडात बेकारी एवढी होती की शिक्षण संपलं की मूल जाणार हे प्रत्येक घराने धरूनच ठेवलेलं असे. मुंबईच्या मनीऑर्डरीवर चुली पेटणाऱ्या कोकणातल्या गावात मी वाढले, त्यामुळे पोस्टमनची वाट पाहणाऱ्या त्या बाई मला पहिल्या दिवसापासून ओळखीच्या वाटल्या.

मार्चच्या अखेरीस 'माय लेफ्ट फूट'ला ऑस्कर मिळाली. डब्लिनच्या क्रमलिन भागातल्या गवंड्याचा मुलगा ख्रिस्टी ब्राउन, ज्याच्या लुळ्या देहात फक्त डावा पाय ताब्यात होता आणि त्या पायाने जो चित्रं काढायचा, लिहायचा, त्याची ही गोष्ट. ख्रिस्टी झालेल्या डॅनियल डे-लुइसचं कौतुक सगळीकडे झालं. आमच्या बाईंना मात्र त्याच्या आईचं काम करणाऱ्या ब्रेंडा फ्रिकरचं बक्षीस अधिक मोलाचं वाटलं. डब्लिनची बाई, डब्लिनच्या आईचं काम करून जिंकली, हे त्यांनी मला जिन्यात गाठून सांगितलं.

पण वर्ष खरं पेटलं ते जूनमध्ये. फुटबॉलच्या विश्वचषकात आयर्लंड पहिल्यांदाच पोचलं होतं, इटलीत. याचं अप्रूप कळायला हे माहीत हवं की फुटबॉल हा तिथे कित्येकांच्या लेखी इंग्रजांचा खेळ. हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल हे आपले. १९७१पर्यंत तर परका खेळ खेळणाऱ्याला या देशी खेळांच्या गेलिक संघटनेत थाराच नव्हता. आणि आता संघाचा प्रशिक्षक होता जॅक चार्ल्टन, १९६६चा विश्वचषक इंग्लंडकडून जिंकलेला इंग्रज! निम्म्याहून अधिक चर्चा खेळाडूंच्या जन्मगावांची चाले. कर्णधार मिक मॅकार्थी बार्न्सलीचा, रे हाउटन ग्लासगोचा, जॉन ऑल्ड्रिज लिव्हरपूलचा. कुणाचे वडील, कुणाची आजी पोटासाठी देश सोडून गेलेली. इंग्रजी वर्तमानपत्रं यावरून चिडवायची. बाई म्हणायच्या, "आम्ही पाठवलेल्यांचीच ना ही पोरं?" मला त्या संघाचा लळा लागला तो या वाक्यामुळे.

इंग्लंडशी १-१, इजिप्तशी ०-०, हॉलंडशी १-१. गट पार झाला. २५ जूनला जेनोआत रुमानियाशी गाठ होती. त्याच दिवशी डब्लिन कॅसलमध्ये युरोपातल्या राष्ट्रप्रमुखांची परिषद भरलेली, पण शहरात कुणाला तिचं भान नव्हतं. संध्याकाळी आमच्या रस्त्यावर चिटपाखरू दिसेना. जादा वेळेनंतरही गोलफलक कोरा. मग पेनल्टी. चार-चार झाल्या आणि टिमोफ्टेचा फटका पॅकी बॉनरने उजवीकडे झेपावत अडवला. आता शेवटचा फटका डेव्हिड ओ'लिअरीचा. चार्ल्टनने ज्याला कैक दिवस संघाबाहेर ठेवलं होतं, तोच हा. चेंडू जाळ्यात गेला आणि पूर्ण रस्ता एका क्षणात दारं उघडून बाहेर आला. बाईंना मला धरून नाचायचं होतं. माझ्या पोटाकडे बघून त्यांनी माझे दोन्ही हात तेवढे गच्च दाबले.

३० जूनला रोममध्ये स्किलाचीच्या एका गोलने इटलीने हरवलं. पाच सामने, दोन गोल, पेनल्टी सोडल्या तर एकही विजय नाही. तरी दुसऱ्या दिवशी संघाच्या स्वागताला लाखो माणसं रस्त्यावर उतरली.

आणि योग असा की त्याच दिवशी, १ जुलैला, नेल्सन मंडेला डब्लिनला आले. फेब्रुवारीत तुरुंगातून सुटलेला हा माणूस, आणि त्याच्यापुढे गर्दी आपल्या लाडक्या पॉल मॅकग्रा या कृष्णवर्णीय बचावपटूच्या नावाचा घोष सामन्यांतल्याच चालीवर करत होती. काहींनी नाक मुरडलं. मला त्यात भाबडं प्रेमच दिसलं. मंडेलांना आयर्लंडचं खरं अप्रूप होतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. १९८४ साली डन्स स्टोअर्समधल्या एका तरुण मुलीने दक्षिण आफ्रिकेची फळं बिलात घ्यायला नकार दिला, तिला कामावरून बाजूला केल्यावर सोबतिणी बाहेर पडल्या, आणि जवळजवळ तीन वर्षं त्या संपावर राहिल्या. १९८७ला सरकारने तिथल्या मालावर बंदीच घातली. गल्ल्यावरच्या मुलींनी हे केलं! आजही कुणाला सांगताना माझा आवाज चढतो.

सप्टेंबरात जवळच्या क्रोक पार्क मैदानाची आरोळी थेट आमच्या स्वयंपाकघरात यायची. कॉर्कने हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल, दोन्ही चषक नेले, आणि टेडी मॅकार्थी दोन्ही अंतिम सामन्यांत खेळला. ऑक्टोबरात आमची मुलगी झाली.

मग निवडणूक. राष्ट्राध्यक्षपदासाठी १९७३नंतर लढतच झाली नव्हती. फियाना फॉल पक्षाचे ब्रायन लेनिहन सर्वांचे लाडके. आदल्या वर्षी यकृतारोपणातून उठलेले. समोर मेरी रॉबिन्सन, मेयोतल्या बॅलिनाच्या वकीलबाई, मजूर पक्षाने पुढे केलेल्या. जुन्या फोनच्या एका प्रकरणात लेनिहन अडकले आणि ३१ ऑक्टोबरला त्यांचेच मित्र, पंतप्रधान हॉही यांनी त्यांना मंत्रिमंडळातून काढलं. मला त्यांच्यासाठी वाईट वाटलं होतं. पण नंतर एका मंत्र्याने रेडिओवर रॉबिन्सनबाईंच्या नव्या कपड्यांना आणि कुटुंबाबद्दल अचानक दाटून आलेल्या आस्थेला टोमणा मारला, आणि घराघरांतल्या बायका बिथरल्या.

आमच्या बाई त्यात होत्या. तरुणपणी त्या पोस्टात नोकरीला होत्या. लग्न झालं आणि नोकरी सोडावी लागली, कारण कायदाच तसा होता. सरकारी नोकरीतल्या विवाहितेला १९७३पर्यंत घरी बसवत. हे त्यांनी मला मतदानाच्या आदल्या संध्याकाळी, बाळाला मांडीवर घेऊन, पहिल्यांदा सांगितलं. जन्मभर फियाना फॉलला मत देणाऱ्या त्या बाई ७ नोव्हेंबरला कोट घालून निघाल्या, आणि कुणाला मत देणार हे नवऱ्यालाही सांगितलं नाही.

पहिल्या पसंतीच्या मोजणीत लेनिहन पुढे होते, ४४ टक्के, रॉबिन्सन ३९. तिसरे उमेदवार ऑस्टिन करी यांची मतं दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटली गेली आणि पारडं फिरलं. ३ डिसेंबरला डब्लिन कॅसलमध्ये आयर्लंडच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्षांनी शपथ घेतली. देश सोडून गेलेल्यांसाठी राष्ट्राध्यक्षांच्या घरी कायम दिवा जळत राहील, असं त्या तेव्हा म्हणाल्या, आणि फीनिक्स पार्कमधल्या त्या वाड्याच्या खिडकीत तो लावलाही. बाईंनी त्याच आठवड्यात चारही मुलांना पत्रं धाडली.

रॉबिन्सनबाईंनी १९९७मध्ये पद सोडलं तेव्हा पुढच्या निवडणुकीला पाच उमेदवार उभे राहिले, त्यांतल्या चार बायका. आमच्या बाई तेव्हा बऱ्याच थकल्या होत्या. वर्तमानपत्रातली ती पाच नावं त्या पेन्सिलीने खुणा करत पुन्हा पुन्हा वाचायच्या, मला खाली बोलवायच्या, आणि पहिली पसंती कुणाला द्यावी यावर आमची चहा थंड होईपर्यंत चर्चा चालायची.